बारानंतरचा आवाज

"वहिनी, दुनळीच घ्या. ही पंपाची तुम्हाला झेपायची नाही," बंदुकांच्या दुकानात दीर तिसऱ्यांदा म्हणाला.

रानडुकरांनी घरामागची केळीची बाग उकरून टाकली होती, म्हणून नवऱ्यामागे तिने स्वतःच्या नावावर परवाना काढला होता. वर्षभर दीरच तिच्यासोबत कचेरीचे जिने चढला. नवरा गेल्याचंही त्यानेच येऊन सांगितलं होतं. पहाटे बागेत राखणीला बसलेला दादा उठताना घसरला आणि त्याच्याच ठासणीच्या बंदुकीचा बार उडाला, असं.

"बघते तरी," म्हणत तिने पंपाची बंदूक हातात घेतली.

"बार काढला की ही मूठ मागे ओढून पुढे ढकलायची," दुकानदार म्हणाला. "रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. एकदा सवय लागली की हात आपोआप चालतो, डुक्कर पडलेलं असलं तरी."

तिने मूठ ओढली. खर्र-खटाक.

तिचा हात मुठीवरच थांबला. त्या पहाटे सडा घालताना तिने बार ऐकला होता आणि लगेच मागोमाग हाच आवाज. ठासणीची बंदूक एक बार काढून गप्प होते. पंपाची बंदूक अख्ख्या वाडीत एकट्या दिराकडे होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. परवान्याच्या कागदांची पिशवी त्याने छातीशी घट्ट धरली होती.

"भावोजी, तुमची बंदूक तेव्हा दुरुस्तीला दिली होती म्हणालात ना?"

तिने पुन्हा मूठ ओढली, सावकाश.

"धुकं फार होतं, वहिनी," तो म्हणाला.