न उघडणारी फुलं

ताईने डोंगरमाथ्यावरच्या जंगलातून रानटी व्हायोलेटचं एक दुर्मिळ रोप आणलं आणि माडीवरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. जरा वारा लागला तरी मान टाकतं म्हणे. तेव्हापासून मी दाराबाहेर भरलेलं ताट ठेवते आणि रिकामं उचलून नेते. अख्खा उन्हाळा गेला, तिचं तोंड दिसलेलं नाही.

आज मी दाराशीच फतकल मारून बसले.

"ताई, फुललं का गं एकदाचं?"

"फुललं. पण फुलं उघडत नाहीत. पानांखाली मिटून बसतात."

"म्हणजे एवढ्या उस्तवारीवर पाणीच पडलं."

ती आतून हसली. "अगं वेडे, याला उघडावं लागतच नाही. मधमाशी नको, वारा नको, दुसरं झाड नको. मिटल्या मिटल्या आपलं आपणच बी धरतं. त्यातून येणारं रोप आईसारखंच, अगदी हुबेहूब."

"ते राहू दे. तू बाहेर ये आधी. एकटीनं किती दिवस कोंडून घेणार आहेस?"

ती आतून दाराजवळ आली. मग म्हणाली, "खालून लहान चमचा आणतेस? मोठ्या चमच्यानं भरवता येत नाही."

मी आणला. दार किलकिलं झालं आणि चमचा घ्यायला हात बाहेर आला. हात ताईचाच होता. अंगठ्याखालचा तीळसुद्धा जिथल्या तिथे. फक्त तो एवढासा होता, की माझ्या मुठीत अख्खा मावला असता.