शेजारची जागा

मुंबईत वडिलांच्या टॅक्सीवर हात बसवून कुमुदने लायसनही काढलं होतं. पण लग्न ठरताच वडिलांनी बजावलं, "सासरी हे बोलू नकोस." मालवणात आल्यावर ती गप्पच राहिली. सासऱ्यांच्या माघारी त्यांची ऑस्टिन मोटार दारात नुसती उभी होती, तिच्याकडेही ती बघायची नाही.

एके सकाळी सासू, भागीरथीबाई, तिला घेऊन थेट विमा कचेरीत गेल्या.

"गाडयेचो विमो करूचो आसा. शिकाऊ माणूस चलवतला."

साहेबांनी कुमुदकडे पाहून भुवया उंचावल्या. "नव्या सुनेला एवढी मोकळीक? बरं, शेजारी लायसनवालं कोण बसणार?"

"शिकतलंय मी," भागीरथीबाई पदर सावरत म्हणाल्या. "शेजारी माझी सून बसतली."

कुमुद झटकन सासूकडे वळली. "आई, तुम्हांला कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक होया?" सासूबाई खळखळून हसल्या. "भाड्याच्या मोटारीत बसलंव काय, दर वळणार ड्रायव्हराच्या आधी तुझो पाय ब्रेक दाबता गो!"