परिपत्रकात नव्हतं ते

"हे बांबू इथे ठेवतोय," म्हातारा प्रशिक्षक आपल्या मुलीला म्हणाला. "साठ किलोच्या माणसाला चालतात. कुणी वापरले तर आपली हरकत नाही, पंचांनाही सांगून आलोय."

"मला काय सांगताय, बाबा? माझेच आहेत ते."

बांबू म्हणजे पोल व्हॉल्टचे फायबरचे पोल. जुनी माणसं अजून बांबूच म्हणतात. म्हातारा बोलत होता मुलीशी, पण ऐकायचं होतं पलीकडच्या बाकावर एकट्या बसलेल्या पोरीने. ती शत्रुराष्ट्राची. दोन्ही देशांचं हाडवैर, भाषा मात्र एकच, त्यामुळे निदान शिव्या तरी एकमेकांना नीट समजायच्या. सीमेवर चकमक झाली, विमानांच्या वाटा बंद झाल्या, आणि पोरगी तीन विमानं बदलून कशीबशी पोचली. शेवटच्या लहान विमानात तिचे बांबू मावले नाहीत. तिच्या प्रशिक्षकाला तर व्हिसाच मिळाला नाही. सोबत होता फक्त मॅनेजर, आणि त्याच्या खिशात परिपत्रक: त्यांच्याशी बोलायचं नाही, हात मिळवायचा नाही, फोटोत शेजारी उभं राहायचं नाही.

पोरीने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची होती. तिने बांबू उचलला.

दोन उड्या फसल्या. बांबू परका, आणि चुकतंय कुठे ते सांगायला कुणी नाही. आता एकच उडी उरली. म्हाताऱ्याच्या मुलीच्या उड्या संपल्या होत्या आणि ती तिसरी होती. ही पोरगी पार झाली, तर पदक पोरीचं आणि मुलगी चौथी.

म्हाताऱ्याने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा मात्र त्याला राहवलं नाही.

"पाय फार पुढे पडतोय," तो मुलीला म्हणाला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच. "धावायची खूण एक पाऊल मागे घे. आणि वरचा हात ताठ ठेव."

"बाबा, माझं संपलंय."

"मग तू नको ऐकूस."

तिकडे पोरीने खूण एक पाऊल मागे सरकवली. ती धावली, बांबू वाकला, ती वर गेली, आणि आडवा बार जागचा हलला नाही.

गादीवरून उतरताना तिचा ऊर भरून आला होता. सख्ख्या काकानेही केलं नसतं ते या माणसाने केलं होतं, तेही पोटच्या पोरीच्या देखत. आणि त्याला साधं थँक्यू म्हणायची सोय नव्हती. ती तडक मॅनेजरकडे गेली.

"साहेब, परिपत्रकात रडण्याबद्दल काही आहे का?"

मॅनेजरने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचला.

"नाही," तो म्हणाला. "जा."

ती बापलेकीपुढे जाऊन उभी राहिली आणि एक शब्दही न बोलता रडली.

"अगं, डोळे पूस आता," म्हातारा म्हणाला. या वेळी तो कुणाकडेच बघत नव्हता.

मुलीने टॉवेलच्या एका टोकाने आपले डोळे पुसले आणि दुसरं टोक पुढे केलं.