सापडलेला आवाज

तिसरी रचना सुरू झाली आणि सभागृहातून एक दबका हुंकार उठला. ताईने सिंथेसायझरवरून मान वर केली. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा तिच्या डोक्यावरून मागच्या पडद्याला लागल्या होत्या.

या बहीणभावांच्या जोडीत कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. आवाज ताईचा, चित्र भावाचं. ती यंत्रांवर सूर रचायची, तो त्यांना सिनेमासारखी दृश्यं जोडायचा. या रचनेची फिल्म मात्र त्याने तालमीतही दाखवली नव्हती. "आज आई येणार आहे ना, तुम्हा दोघींना एकदमच दाखवतो," एवढंच म्हणाला होता.

ताईने वाजवता वाजवता मागे वळून पाहिलं.

पडद्यावर आई होती. घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसलेली, समोर एक चमचा. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेल्यापासून भाऊ रोज सकाळी तिच्याकडून शब्द घोटवून घ्यायचा, त्यातलीच एक सकाळ. तिचा चेहरा भिंतीएवढा झाला होता. वाकडं झालेलं तोंड उघडत होतं, मिटत होतं. "च... च..." चमचा काही होत नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा धागा सुटला. तेवढं दृश्य भावाने अगदी संथ केलं होतं. धागा चकाकत, लांबत हनुवटीवर उतरला.

आणि आईचे ओठ तालात हलत होते.

हा ठेका ताईचाच होता. मध्यंतरी भावाने तिला एक तुकडा पाठवला होता. "ताई, एक आवाज सापडलाय, बघ काही होतंय का." तिला तो फार आवडला. जुनं बिजागर असेल, एखादं यंत्र अडकत असेल, असं समजून तिने तो ताणला, कापला, उलटसुलट केला आणि त्याच्यावर अख्खी रचना उभी केली. आत्ताही तो तिच्याच बोटांखालून निघत होता.

तिने पहिल्या रांगेत पाहिलं. कडेला, चाकांच्या खुर्चीत आई. आजारपणानंतर आज पहिल्यांदाच माणसांत आलेली. नवी शाल, केस नीट विंचरलेले. पडद्याच्या उजेडात तिचा डावा हात वर आला. शालीच्या टोकाने तिने हनुवटी पुसली. पुन्हा पुसली. तिथे काही नव्हतंच. शेजारची बाई पडद्याकडे बघत डोळे टिपत होती. हातभर अंतरावरच्या आईकडे तिचं लक्षही नव्हतं.

ताईने आवाजाचा फेडर खाली ओढला. आवाज बंद झाला.

पडद्यावर तोंड मुकाट्याने उघडत, मिटत राहिलं. पलीकडच्या टेबलावरून भाऊ दातओठ खात कुजबुजला, "ताई, काय करतेस? आवाज सोड."

"पडदा बंद कर."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने केला नाही. ताई पायऱ्या उतरून खाली गेली, खुर्चीची मूठ धरली आणि आईला बाजूच्या दाराने मेकअपच्या खोलीकडे घेऊन निघाली. लोकांनी पाय आवरून वाट दिली. एकाने त्यांच्यावर मोबाईल रोखला होता.

भाऊ मेकअपच्या खोलीत आला तो लॅपटॉप काखेत मारून, तणतणत. "भर कार्यक्रमात तोंडघशी पाडलंस मला. काय उत्तर देऊ आता लोकांना?"

"आईला विचारलं होतंस?"

"तिला काय विचारायचं? तिला कळलं तरी ती सांगणार कशी?"

"ती इथेच बसलीय."

भावाने आईकडे पाहिलं, मग आरशाकडे. "मी तिच्यासाठीच केलंय ते. ती किती झगडतेय, जगाला कळू दे. लोक रडत होते, ताई."

"रडले ना? मग झालं तर. आईची लाळ कामाला आली."

"वाट्टेल ते बोलू नकोस. आणि तो आवाज? तो तर तुलाच आवडला होता."

"तू म्हणालास, सापडला." ताईचा आवाज चिरकला. "रस्त्यात पडलेलं असतं ते सापडतं. तो तिच्या तोंडातला शब्द होता. अर्धा. तो पुरा व्हायच्या आत तू उचललास आणि माझ्या हातांनी वाजवलास."

भाऊ आईच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. "आई, तूच सांग. तुला राग आलाय का?"

आईचे ओठ हलायला लागले. "प... प..."

"पाणी? ताई, पाणी दे तिला."

"गप्प बस," ताई म्हणाली. "तिला बोलू दे."

दोघं थांबले. बाहेर खुर्च्या आपटत होत्या, लोक उठून चालले होते. आईच्या कपाळाची शीर तटतटली होती. ओठ जुळायचे, सुटायचे, पुन्हा जुळायचे.

"पूस."

भावाने घाईघाईने खिशातून रुमाल काढला आणि तिच्या हनुवटीला लावायला गेला. आईने डाव्या हाताने त्याचा हात बाजूला सारला. मग त्याच हाताचं बोट तिने त्याच्या काखेतल्या लॅपटॉपकडे केलं.

"पूस."

भावाने लॅपटॉप उघडला, ती फिल्म शोधली आणि लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. पुसायला कुठली कळ दाबायची, ते दाखवलं आणि आपला हात मागे घेतला.