फिरलेली ताटली

माशाचा तुकडा पुन्हा कोराच्या बाजूला आला होता.

भाताचं भांडं हातात धरून ती टेबलाशी थबकली. वाढताना तिने पोटाकडचा लुसलुशीत तुकडा मुद्दाम लेकीच्या पुढ्यात ठेवला होता, भात पलीकडे. आता भात लेकीपुढे आणि तुकडा पलीकडे, कोराच्या रिकाम्या खुर्चीकडे. जोनालिन हात मांडीवर ठेवून बसली होती. एक घास उचललेला नव्हता.

"आवडत नाही का गं?"

"आवडतो."

"मग खा की."

पोरीने आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

हे रोजचंच झालं होतं. जोनालिन लोलाला, म्हणजे आजीला, सोडून मिलानला आली, त्या दिवसापासून कोरा आपल्या गावचंच रांधत होती. दिवसभर लोकांच्या घरच्या लाद्या पुसून यायची आणि पदर खोचावा तशी बाह्या सारून चुलीपुढे उभी राहायची. पहिल्यांदा आदोबो केला. सिरक्यात आणि लसणात शिजवलेली कोंबडी. तंगडी लेकीपुढे ठेवली, मीठ आणायला वळली, आली तर तंगडी आपल्याकडे. मग आलं घातलेली तांदळाची पेज केली, वर उकडलेलं अंडं. अंडंही सरकलं. भाजलेलं वांगं अंड्यात बुडवून तळलं, तर देठ फिरलेलं. एकदा कोरा दोनदा उठून आली, तेव्हा घास जिथल्या तिथे होता. तिला काही उमगेना. रुसली म्हणावं तर पोर शेजारी झोपताना तिचा हात धरून ठेवायची. भूक नाही म्हणावं तर कोरा जवळ येऊन बसली की घाईघाईने चार घास गिळायची. पण कोराचा पाय ठरतो कुठे? लेक खात नाही म्हटल्यावर कधी लोणचं, कधी खारवलेला मासा, सारखं काहीतरी आठवायचं आणि ती उठायची.

गावी फोन लावला, तर तिची आई हसत सुटली.

"ती? अगं, ती नुसत्या मीठभातावर ताव मारते. हात तुझाच बिघडला असेल."

त्याच घरात दुसऱ्या खोलीत राहणारी नेनिताताई तर तोंडाची फटकळच.

"चिंच मिळत नाही म्हणून लिंबू पिळतेस आणि त्याला सिनिगांग म्हणतेस? हा मासा सारात नाही गं, सरबतात पोहतोय."

म्हणून आज कोरा बांगलादेशी दुकानातून चिंच घेऊन आली होती. साराचा वास अगदी घरच्यासारखा सुटला होता. आणि तरीही तुकडा तिच्याकडेच बघत होता.

नेनिताताई येत्या रविवारी सुट्टीवर गावी निघणार होती. "धाडतेस का माझ्यासोबत?" तिने कालच विचारलं होतं. "शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरव. लेक आणलीस, पण पाहुणीसारखी बसून असते बिचारी. उपटून लावलेलं प्रत्येक रोप काही जगत नाही, कोरा." कोरा तेव्हा लसूण सोलत राहिली होती. इतकी वर्षं लांब राहून जिच्यासाठी राबली, तिला कोणत्या तोंडाने परत पाठवायची? आणि उपाशी तरी कशी ठेवायची?

भांडं टेकवून ती खुर्चीत बसली. मग तिला साराची पळी आठवली. ती उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि काय वाटलं कोण जाणे, मध्येच मागे वळली.

जोनालिन दोन्ही हातांनी ताटली फिरवत होती. हळूहळू, भाताचं शीतही न सांडता. तुकडा तिच्या पुढ्यात आला तशी ती थांबली.

"हा काय खेळ मांडलायस?" कोराचा आवाज चढला. "नको असेल तर सरळ सांग ना! मी मरमरून करायचं आणि तू ताटल्या फिरवत बसायचंस? लोलाकडे परत जायचंय का तुला?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "तू जातेयस का?"

"मी? मी कुठे जातेय? पळी आणायला निघाले होते!"

"पण उठलीस ना."

टेबलाच्या टोकाला जेवत बसलेल्या नेनिताताईचा घास हातातच राहिला. "अगं कोरा," ती हळू आवाजात म्हणाली, "जेवण चालू असताना कुणी घरातून निघालं, की आपण बाकीचे ताटल्या फिरवत नाही का? गेलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून?"

"फिरवतो. पण ते लांब निघालेल्यासाठी, ताई! चुलीपर्यंत जाणाऱ्यासाठी कोण फिरवतं?"

आत सार उतू जाऊन फसफसलं. जोनालिनने ताटलीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तू गाव सोडून इकडे निघालीस तेव्हा सगळे न्याहारीला बसले होते. लोला सांगते. तिने फिरवली, मामाने फिरवली, सगळ्यांनी फिरवली. माझी एकटीची राहिली. मी झोपले होते." तिने वर पाहिलं. "मला उठवायचंस ना गं. मीही फिरवली असती, मग तू लवकर आली असतीस."