बेडकाची हाडं

शिगेओ रोज संध्याकाळी एक रातकिडा चिमट्यात धरायचा, कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळवायचा आणि लगेच काचपेटीतल्या बेडकाच्या तोंडापुढे नाचवायचा.

“नुसता किडा घालून भागत नाही गं. हाडं मऊ पडतात त्याची,” तो बायकोला सांगायचा.

“इथं नागानोच्या थंडीत माझे गुडघे बोलायला लागलेत, त्याचं काही नाही!” यासुए भांडी विसळता विसळता फणकारायची. “मी नाही हात लावणार त्या किड्यांना. तुमचा बेडूक, तुमचं तुम्ही बघा.”

मार्चमध्ये शिगेओ गेला. दहनानंतर जपानी रिवाजाप्रमाणे यासुए लांब काड्यांनी एकेक हाड उचलून कलशात ठेवत होती, तेव्हा तिथला माणूस अदबीनं म्हणाला, “हाडं फार भक्कम होती हो यांची.” रडू तेव्हाही आलं नाही. पुरायचा दिवस येईपर्यंत कलश घरातच, त्याच्या फोटोपुढे राहिला.

चार दिवस उपाशी असलेला बेडूक आज काचेला तोंड लावून बसला होता. यासुएनं आयुष्यात पहिल्यांदा रातकिडा चिमट्यात पकडला. भुकटीचा डबा उघडला, तर आत काहीच नव्हतं. किडा पाय झाडत होता.



मग तिनं कलशाचं झाकण काढलं, किडा तळाच्या पांढऱ्या भुकटीत अलगद घोळवला आणि फोटोला म्हणाली, “तुमचा बेडूक. तुमचं तुम्ही बघा.”