बंद दाराचा कोन

वर्गाला लागून असलेल्या साहित्याच्या खोलीला हर्षालीबाईंनी बाहेरून कडी लावली. आत सहावीची चार पोरं बसली होती. मीना, भिका आणि आणखी दोघं. विचारलं की ज्यांना उत्तर येत नाही, आणि आलंच तर भलतंच येतं, अशी. "अजिबात आवाज करायचा नाही," असं त्यांना बजावून बाईंनी बंद दारावर कोनांचा मोठा तक्ता टांगला. वर्गातून आता दार असं दिसेना.

शाळेची ही रीतच होती. तपासणी असो की कुणाचा पाठ, कच्ची पोरं आत. इगतपुरीकडच्या या शाळेत बाई कितीतरी वर्षं शिकवत होत्या, पण बी.एड. झालेलं नव्हतं. नोकरी सांभाळून आता ते चाललं होतं आणि आज परीक्षेचा शेवटचा पाठ होता. जूनमध्ये पदवी हातात नसेल तर दुसरी बाई येईल, असं संस्थेने स्वच्छ सांगितलं होतं. "घाबरता कशाला? एक तास तर बसायचंय पोरांना," असं शेजारच्या वर्गाचे संतोष सर म्हणाले. सरांचं काय जात होतं? त्यांचं बी.एड. केव्हाच झालेलं.

परीक्षक मॅडम नाशिकहून आल्या आणि चष्मा पुसून मागच्या बाकावर बसल्या. पाठ सुरू झाला. वर्गाचं दार थोडं उघडून त्यांनी लघुकोन दाखवला, आणखी उघडून काटकोन दाखवला. पोरं पटापट हात वर करत होती. सगळं ठरल्यासारखं चाललं असताना तक्त्यामागे काहीतरी धपकन पडलं.

मॅडमनी मान वर केली.

"उंदीर झालेत हो फार," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

मग आतून काहीच ऐकू येईना. कुजबुज नाही, खोकला नाही. खोली पत्र्याची, ऊन एप्रिलचं आणि खिडकी नावालाही नाही. इतका वेळ बाई आवाजाला भीत होत्या, आता त्या शांततेला भिऊ लागल्या. भिकाला उन्हात चक्कर येते, हे त्यांना आत्ता आठवलं. कडी लावण्याआधी का नाही आठवलं? आता कडी काढावी तर नोकरी गेली. न काढावी तर... त्यापुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना. त्या नुसत्याच फळ्यावर रेघ ओढत राहिल्या. रेघ वाकडी गेली.

"बाई, त्या तक्त्याखाली उंबरा दिसतोय, मागे पण दार आहे ना?" परीक्षक मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मुलांना त्याचाही कोन मोजू द्या की. थांबा, मीच उघडते."

त्या पुढे येऊ लागल्या.

पहिल्या बाकावरची तेजल उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मॅडम, ते दार उघडायचं कामच नाही. बंद दाराचा कोन शून्य अंशाचा असतो."

एकाही पोराने दाराकडे पाहिलं नाही. परीक्षक मॅडम मात्र खूश झाल्या. "वा! हे तर आमच्याकडच्या पोरांनाही सुचायचं नाही," असं म्हणत त्या परत फिरल्या. बाईंच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. तेजल हसत नव्हती. तिने सरळ बाईंकडे पाहिलं आणि खाली बसली. त्या एवढ्याशा पोरीची बाईंना भीती वाटली. हे तिला शिकवलं कुणी, असं विचारायची सोय नव्हती.

घंटा झाली. "छान झाला हो पाठ," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या वर्गात एकही मूल मागे नाही." आणि त्या मुख्याध्यापकांकडे चहाला गेल्या.

बाईंनी तक्ता ओढूनच काढला. फाटला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कडी निघता निघेना. अखेर दार उघडलं.

आत तीन पोरं तोंडावर बोट ठेवून बसली होती, घामाने निथळत. भिका जमिनीवर आडवा झाला होता. त्याचं डोकं मीनाच्या मांडीवर होतं आणि त्याच्या तोंडावर तिचा तळवा घट्ट दाबलेला होता. बाईंना पाहिल्यावर तिने तो काढला. भिकाने जोरात श्वास ओढला आणि रडायला लागला.

बाई तिथेच खाली बसल्या. त्यांनी भिकाला कुशीत ओढलं. पदराने त्याचा घाम पुसला.

"त्यो पडला व्हता, बाई. रडाया लागला, म्हनून म्या त्याचं तोंड दाबलं," मीना म्हणाली. "आमचा लय आवाज नाय ना आला?"

बाईंनी 'नाही' म्हणून मान हलवली.

मीनाचा चेहरा एकदम खुलला. वर्षभरात वर्गात तो कधी असा खुलला नव्हता.

"मग आता पाठ असंल तवा आमालाच बसवा हां, बाई. आमाला जमतंय हे."